खानापूरच्या ओढ्यांतील चढणीच्या माशांसाठी मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,
सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात डोंगरी ओढ्यांमध्ये विष टाकून होणारी मासेमारी थांबवावी आणि पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालण्यासाठी वर येणाऱ्या माशांना संरक्षण द्यावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मृगाचा पाऊस जोर धरतो, ओढ्यांना लाल गढूळ पाणी येते आणि खालच्या डोहांतले मासे प्रवाहाविरुद्ध निघतात. यांनाच आम्ही चढणीचे मासे म्हणतो. खाचराचे पाणी बांधावरून ओढ्यात कोसळते तिथे ते उसळ्या मारत थेट भातशेतीत शिरतात. हाती आलेल्या माशाचे पोट जरासे दाबले तरी अंडी बाहेर येतात. गळ आणि पाग (हाताने फेकायचे जाळे) घेऊन जाणारा माणूस घरापुरते मासे आणी, तेव्हा बाकीचे वर पोहोचत असत. आता ओढ्याच्या अरुंद जागी या काठापासून त्या काठापर्यंत नायलॉनचे बारीक जाळे लावले जाते आणि अंड्यावरचा मासा तिथेच अडतो. उन्हाळ्यात, पाणी डोहापुरते उरले की, ब्लीचिंग पावडर ओतली जाते. बोटभर लांबीचे मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात, खेकडे गुदमरून खडकांवर चढतात, आणि पकडणारा त्यांतले मोठे तेवढे उचलून बाकी सगळे कुजायला सोडून जातो. हेच पाणी पुढे गुरे पितात.

पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि जून महिन्यात या ओढ्यांवर सरकारी माणूस क्वचितच दिसतो.

हा प्रदेश साधा नाही. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावणारी मलप्रभा सुमारे ३०० किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते, आणि वाटेत नविलुतीर्थाच्या धरणातून हुबळी-धारवाडची तहान भागवते. म्हादईचा उगमही याच तालुक्यातला, भीमगडच्या रानातला. शिवरायांच्या काळातील भीमगड किल्ला आणि गोव्याच्या कदंबांची हलशी याच पाण्याच्या आधाराने वसली. भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. तेथील काही गावांच्या पुनर्वसनाची प्रक्रिया आता सुरू आहे. कोणता मासा कोणत्या डोहात, कोणत्या नक्षत्रात सापडतो हे ज्यांना ठाऊक आहे अशी वयस्क माणसे गाव सोडून विखुरण्याआधी, त्यांची माहिती आपल्या खात्याने नोंदवून घ्यावी, असे मला फार कळकळीने वाटते.

डोंगरी ओढा म्हटला की कोणी तरी ट्राऊट आणून पर्यटन वाढवण्याची कल्पना मांडतो. ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा आहे. निलगिरीत आणि मुन्नारच्या उंचीवर तो रुजला, पण आमच्या ओढ्यांचे पाणी चैत्र-वैशाखात तापते, आणि त्यात तो टिकणार नाही. शिवाय कृष्णा खोऱ्याला स्वतःचा महाशीर आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना त्याची शास्त्रीय नोंद केली. बाहेरचे बीज सोडण्यापेक्षा या माशाच्या वाटा मोकळ्या ठेवणे स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही.

त्यासाठीचा नमुना आपल्याच राज्यात आहे. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर आणि शिशिला येथे कपिलेत देवस्थानाच्या आश्रयाने मासे निर्धास्त जगतात. असोग्याच्या रामलिंगेश्वराजवळचा आणि पावसात बुडणाऱ्या हब्बनहट्टीच्या मारुतीजवळचा मलप्रभेचा भाग याच धर्तीवर मत्स्यधाम म्हणून घोषित करावा. जून ते ऑगस्ट या काळात ओढ्यांत आडवी जाळी लावण्यास मनाई करावी. मात्र घरापुरते मासे गळाने धरणाऱ्या गरीब माणसाला त्यातून वगळावे, कारण ओढा त्याने नासवलेला नाही. आणि या सूचनांचे फलक कन्नडबरोबर मराठीतही लावावेत, म्हणजे ज्यांनी त्या पाळायच्या त्यांना त्या वाचता येतील.

येत्या मृगापूर्वी हा आदेश निघावा आणि त्याची प्रत तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीला पोहोचावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक रहिवासी