रेवतीस: ती गोळी घेण्याआधी

साखळी, गुरुवार रात्र

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

तुझी बस चोर्ला घाट चढली असेल असं वाटेपर्यंत मी ओसरीवरच बसून होतो. निघताना पाया पडलीस, पण बोलली नाहीस. आईला वाटतंय, गणपतीवरच्या फळं-पानांच्या माटोळीवरून दादाशी झालं तेच अजून मनात आहे. मी तसंच वाटू दिलं.

तुझ्या रिपोर्टचा फोटो मोठा करून चार वेळा पाहिला. पांढऱ्या पेशी 11,600, त्यात इओसिनोफिल 38 टक्के. म्हणजे 4408. ते 500 च्या आत असायला हवेत. तू म्हणालीस, ॲलर्जी असेल, ऑफिसात निम्म्यांना आहे. असेलही. दम्यात वाढतात, ॲलर्जीत वाढतात, एखाद्या औषधानेही वाढतात. पण इतके वाढले की कारण शोधावंच लागतं. आणि मैत्रिणीने दिलेली प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडची, पट्टी तू बॅगेत टाकताना मी पाहिली. म्हणून ओरडलो. आईसमोर ओरडायला नको होतं.

रागाने का होईना, पण ती गोळी सुरू करू नकोस. खोकला थांबेल, आकडाही झटकन उतरेल, आणि डॉक्टरला शोधायला काहीच उरणार नाही. पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असला तर स्टिरॉइड घेतल्यावर तो अंगभर पसरतो, माणूस दगावूही शकतो. पावसात अनवाणी सुपारीच्या कुळागरात फिरायची सवय तुला लहानपणापासून. हा जंत तळपायातूनच आत शिरतो.

बघ, पुन्हा आरोग्य केंद्रातल्यासारखा बोलायला लागलो. “बाबा, तुम्ही आता रिटायर झालात,” हे तुझं वाक्य लागलं मला. पण एकतीस वर्षं ज्या पेशी मोजल्या त्या डोळ्यांपुढून जात नाहीत. सात वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून तू मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं होतंस. लिशमनच्या रंगाने रंगवलेली रक्ताची स्लाइड होती. पेशीच्या पोटात शेंदरी दाणे गच्च भरलेले, मधे केंद्रकाचे दोन गोल, बारीक धाग्याने जोडलेले. तू म्हणालीस, “बाबा, ही चष्मा लावून बसलीय.” पुढे शिकाऊ पोरांना मी तसंच सांगत आलो, चष्मा दिसला की इओसिनोफिल. हे दाणे इओसिन नावाचा रंग पितात, त्यावरून एर्लिखने 1879 साली हे नाव ठेवलं. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. ते सांगितल्यावर तू दिवसभर अंगणात “उषा पेशी, उषा पेशी” करत होतीस.

ही पेशी वाईट नाही गं. हाडातल्या मगजात तयार होते, रक्तात काही तासच राहते, मग आतडी, फुफ्फुसं अशा ठिकाणी जाऊन बसते. जंत गिळण्याजोगा नसतो, म्हणून ती त्याच्या अंगाला चिकटते आणि दाण्यांतलं विष त्याच्यावर ओतते. तेच विष श्वासनळीत सांडलं की आपलंच अस्तर सोलून निघतं. फार दिवस वाढलेली राहिली तर हृदयालाही इजा करते. म्हणून एकदा इको करून घे. घाबरवायचं नाही मला. पण करून घे.

परवा रात्री दोन वाजता तुझा खोकला ऐकला. रेवती, तो खोकला माझ्या ओळखीचा आहे.

1999 मध्ये तुझी आई असंच रात्र रात्र बसून काढायची. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांवर बारीक ठिपके. टीबी ठरला, औषधं सुरू झाली. तू दोन वर्षांची, तुला चार महिने होंड्याला आजीकडे ठेवलं. आई खिडकीत बसून तुझं झबलं हातात धरायची. मी गावभर रात्री दहानंतर दारोदार फिरून फायलेरियासाठी, म्हणजे हत्तीरोगासाठी, रक्त घेत होतो आणि घरातल्या माणसाची स्लाइड कधी पाहिली नव्हती. एका रविवारी पाहिली. शंभरांतले बावन्न इओसिनोफिल. फायलेरियाचाच तो फुफ्फुसातला प्रकार होता. त्यावरच्या हेट्राझान गोळ्यांचा तीन आठवड्यांचा कोर्स झाला, पण दुसऱ्या आठवड्यातच ती आडवी पडून झोपली. मी जागाच होतो, तिचा श्वास ऐकत. ते चार महिने मला अजून भरून देता आलेले नाहीत, तिलाही आणि तुलाही.

तुला तेच आहे असं मी म्हणत नाही. पण छातीच्या डॉक्टरला हे सगळं सांग, डिचोली तालुक्यात वाढले हेही सांग. रात्रीच्या रक्तात फायलेरियाचे जंत मिळाले नाहीत म्हणून तो विषय मिटत नाही. या प्रकारात ते फुफ्फुसातच अडकतात, रक्तात बहुधा सापडत नाहीत. फायलेरियाच्या अँटिबॉडीची तपासणी मागून घे. शौचाची तपासणी एकदा नको, तीन वेगवेगळ्या दिवशी कर. आणि रक्त दरवेळी एकाच वेळेला दे, इओसिनोफिल सकाळी कमी असतात, रात्री वाढतात.

तू एकटी राहतेस, स्वतःच्या पगारावर खोली चालवतेस, याचा मला किती अभिमान आहे ते तुझ्यापुढे बोलता येत नाही. शेजारच्या काकांना मात्र रोज सांगतो.

आईने कोकमं आणि नाचणीचं पीठ बांधून ठेवलंय, दादा पुढल्या आठवड्यात येईल तेव्हा आणेल. त्याच्याशी नीट बोल.

पट्टीतल्या दहाही गोळ्या शाबूत आहेत ना, एवढं उद्या सकाळी कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझे
बाबा