मीनल, फॉर्म भरून टाक

पुणे

प्रिय मीनल,

डॉक्टरांनी ‘रेनॉ’चं, म्हणजे थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या फार आकसण्याच्या त्रासाचं, नाव घेतलं आणि तू गुलमर्गच्या स्कीइंग कोर्सचा फॉर्म कपाटात ठेवून दिलास, हे वाचून फार वाईट वाटलं. सह्याद्रीतल्या निम्म्या घाटवाटा पालथ्या घातलेली बाई तू, पायाच्या बोटांपायी बर्फ सोडणार? डॉक्टरांना सरळ विचार, ‘जाऊ का?’ ते ‘जा’ म्हणाले तर बाकीचं मी सांगते.

बॅटरीवर गरम होणाऱ्या मोज्यांचा खरंच उपयोग होतो का, असं विचारलंस. होतो, चांगला होतो. पण त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

थंडी वाढली की शरीर आधी हृदय-फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. तुझ्या त्या जरा जास्तच आकसतात, म्हणून बोटं पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. पाय गरम ठेवतं ते रक्त. म्हणून छाती, मान, डोकं उबदार ठेव आणि सकाळी उपाशीपोटी बाहेर पडू नकोस. गुलमर्गच साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या डोंगरावर गेलीस की आणखी तेराशे मीटर चढतेस आणि वर वारा असतो. तुझा कोर्स मात्र बहुतेक खालच्या उतारांवरच चालेल.

मग बूट. स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरावीत. भाड्याचे बूट वापरून सैल झालेले असतात, आणि मग लोक मोज्यांवर मोजे चढवतात. तू तसं करू नकोस. पाऊल आवळलं की रक्त अडतं, मग कितीही लोकर घाल, बोटं बधिरच. एकच पातळ मोजा, लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती अजिबात नको, तो घाम धरून ठेवतो. बक्कल घट्ट हवं ते घोट्यावर आणि नडगीवर, चवड्यावर नाही. रांगेत किंवा गोंडोलात बसलीस की चवड्यावरची बक्कलं सोडायची आणि बोटं हलवत राहायची. रात्री बुटाचं आतलं अस्तर काढून खोलीत वाळवायचं. ओलं अस्तर सकाळी पायात घातलंस तर दिवसभर पाय तापत नाहीत, हे लक्षात ठेव.

आता मोजे. माझ्या जोडीत तापणारी तार बोटांच्या भोवती आहे, आणि तिथून एक वायर पोटरीपर्यंत वर येते. वर छोटा खिसा, त्यात बॅटरी. ती बुटाच्या काठाच्या वर राहायला हवी, नाहीतर दिवसभर पोटरीत रुतते. वायरही पावलाखाली दुमडू देऊ नकोस. घरून निघतानाच सगळ्यात कमी आचेवर चालू कर. बोटं गारठल्यावर मोठी आच लावून फायदा कमी, बॅटरी मात्र झपाट्याने उतरते. धुताना बॅटरी काढून हातानेच धू, पिळू नकोस. विमानात जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवायच्या; लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत.

एक गोष्ट मी तुला मुद्दाम बजावते आहे. काश्मिरी लोक फेरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब सैल झग्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसतात ना, वर्षानुवर्षं त्या मंद उष्णतेमुळे त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. काहींना त्या जागी कॅन्सरही झाल्याची नोंद वैद्यकात आहे. आच सोसवते म्हणून ती निरुपद्रवी नसते. बधिर बोटांना तर चटका कळतच नाही. म्हणून झोपताना हे मोजे घालायचे नाहीत, आणि आईंना मधुमेह आहे, त्यांच्या पायात कौतुकानेही घालू नकोस.

बोटं पांढरी पडून संवेदना गेली तर हट्ट न करता आत ये. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, पाय धरायचे नाहीत. आत येऊनही बोटं कडक आणि बधिरच राहिली तर आधी डॉक्टर. तोवर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेव, पण पुन्हा गारठणार नाहीत याची खात्री असेल तरच.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांना तुझ्या बोटांबद्दल सांगून ठेव. मध्येच थांबावं लागलं तर त्यांना कारण माहीत असू दे.

आज भिंतीला टाच टेकवून कागदावर उभी राहा आणि दोन्ही पावलांची लांबी मोजून कळव. तुला माझी जोडी बसत असेल तर बॅटऱ्या तपासून ठेवते. पुण्याला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
अनघा