सुध्याला, बाल्साच्या विमानाबद्दल

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस की अरे आता फोमचं तयार विमान मिळतं रिमोटसकट, डब्यातून काढलं, चार्ज केलं की उडतं, मग तू रात्री अकरा वाजता बाल्साच्या हलक्या लाकडाच्या काड्या कसल्या चिकटवत बसतोस? तेवढ्यात तुला दुसरा कॉल आला आणि विषय राहिला. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून नीट बसून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घे.

पहिलं म्हणजे माझ्या विमानाला रिमोट नसतोच. बॅटरी पण नाही. पोटातून नाकापासून शेपटीपर्यंत रबराचे पदर जातात, त्यांना पीळ द्यायचा, पुढे प्रोपेलर, आणि द्यायचं सोडून. फ्री फ्लाइट म्हणतात ह्याला. एकदा हातातून सुटलं की आपलं त्याच्यावर काही म्हणजे काही चालत नाही, जे काय करायचं ते आधीच टेबलावर करून ठेवायचं. मला वेड लागतं ते ह्याचंच. रिमोटवाल्यात विमान कललं की बोटाने सावरता येतं, इथे ते त्याचं त्यानेच सावरलं पाहिजे, आणि ते कसं सावरणार ते तुला लाकडातच बांधून ठेवावं लागतं. पंख मधल्या जोडापासून दोन्हीकडे जरा वर उचललेले असतात बघ, ते त्यासाठीच, एका बाजूला कललं तरी परत सरळ व्हावं म्हणून.

हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं आल्फोन्स पेनो नावाच्या फ्रेंच पोराने. ऑगस्ट 1871, पॅरिसमधली तुइलरीची बाग, वय 21! जेमतेम दीड फूट पंखांचं, रबराच्या पिळावर चालणारं मॉडेल, 11 सेकंदात साधारण 40 मीटर गेलं. मागे छोटी शेपटी अशा कोनात बसवली होती की नाक खाली गेलं किंवा वर गेलं तर तीच त्याला जागेवर आणायची. 11 सेकंद ऐकायला काहीच नाहीत पण त्याआधी कुणाचं यंत्र असं स्वतःला सांभाळत उडलं नव्हतं रे. आणि पुढचं ऐक, पेनोच्याच धर्तीवरचं एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर 1878 मध्ये अमेरिकेत एका बापाने आपल्या दोन मुलांसाठी आणलं, बूच, बांबू, कागद आणि रबर, बस. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑरविल राइट. त्यांनी ते बघून स्वतः तसली बनवायला घेतली आणि त्यांना कोडं पडलं की मोठं करावं तितकं ते कमी उडतंय. दुप्पट मोठ्याला आठपट ताकद लागते हे त्यांना खूप नंतर कळलं. हे पुस्तकातून वाचलं असतं तर विसरले असते, असं माझं ठाम मत आहे.

आता लाकूड. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. 2020 च्या सुमाराला पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी मागणी इतकी वाढली की भाव कुठल्या कुठे गेले, आमच्यासारख्यांना प्रत्येक तुकडा जपून वापरावा लागला. पण सुध्या, एकदा तू ह्या लाकडाच्या पातळ शीट हातात धरून बघच. एकाच मापाच्या दोन शीट घेतल्या तरी एक हातात जाणवत पण नाही आणि दुसरी चांगली दुप्पट जड निघते, म्हणून किटमध्ये येईल ते वापरायचं नाही, प्रत्येक शीट हाताने तोलायची, हलकीशी वाकवून बघायची. कडक ती पंखाच्या आडव्या काडीला, हलक्यातली हलकी शेपटीला, कारण शेपटीत एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकाला दोन-तीन ग्रॅम क्ले, म्हणजे मऊ चिकणमाती, लावावी लागते आणि मग विमान उडतच नाही, नुसतं वजन वाहतं.

मग टिश्यू. सांगाड्यावर पातळ कागद चिकटवायचा, तेव्हा तो सुरकुतलेलाच असतो, बघून वाटतं सगळी मेहनत वाया गेली. त्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा. आधी अजूनच सैल पडतो आणि मग वाळताना हळूहळू ताणत ताणत ढोलकीच्या पुडीसारखा टणक होतो. तेवढ्या वेळात पंख पाटावर टाचून ठेवायचा नाहीतर तो ताण पंखालाच पिळवटतो. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो, त्या वेळात मला मोबाइल आठवत नाही.

ग्राउंडवरचा भाग वेगळाच. आधी पीळ न देता गवतावर नुसतं सोडायचं. नाक वर करून गचकन पडलं तर पुढे चिमूटभर क्ले, सरळ खाली घुसलं तर काढायची. मग थोडा पीळ, मग अजून थोडा. प्रोपेलर एकीकडे फिरतो म्हणून अख्खं विमान उलट्या बाजूला कलू बघतं, त्याला प्रोपेलरचा दांडा किंचित तिरका करायचा. आणि घारींवर लक्ष ठेवायचं! जिथे त्या पंख न हलवता गिरक्या घेतात तिथे गरम हवा वर चढत असते, त्यात विमान सापडलं तर रबराचा पीळ संपल्यावरही ते चढतच राहतं आणि दिसेनासं होतं. त्यावर लोकांनी काय डोकं चालवलंय माहितीये? शेपटीला एक जळती वात लावायची, ठरलेल्या वेळाने ती रबरबँड जाळते, शेपटी टणकन वर उचलली जाते आणि विमान आडवंच तरंगत खाली येतं. इतक्या कष्टाने उडवायचं आणि त्याचं उडणं थांबवायची सोय पण आपणच करायची.

ह्यातली टोकाची माणसं तर बंद जागेत, छताखाली उडवतात. रोमानियात स्लानिकला मिठाची प्रचंड खाण आहे, आत वारा शून्य, तिथे स्पर्धा होतात. रबर सोडून अख्खं विमान 1.4 ग्रॅम आणि वर रबर 0.4 ग्रॅम, तरी वीस मिनिटांच्या वर हवेत. पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरतात. मला एकदा तिथे जायचंय, बाकी कुठल्या फॉरेन ट्रिपची हौस नाही.

दिवाळीत येशील तेव्हा परीला घेऊन ये. तिच्यासाठी सोपं किट काढून ठेवलंय, पण कापायचं तिने, चिकटवायचं तिने, तू मध्ये हात घालायचा नाहीस. दोन संध्याकाळी लागतील. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर, वारा सुटायच्या आत, त्यामुळे आदल्या रात्री गप्पा मारत बसायचं नाही.

तुझा,
मन्या