यादीत फावडे का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की सातारा, कराड, सांगलीकडची पोरे 'स्नो ट्रेक'ला निघतात. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बसने मनाली. माझा पुतण्या गेल्या जानेवारीत असाच जाऊन सुखरूप आला आणि कौतुकाने व्हिडिओ दाखवू लागला. दोन दिवस वादळ होऊन गेलेले, ढोपरभर नवा बर्फ, आणि चौदा जण एकामागे एक, हाताच्या अंतराने, उभा उतार आडवा कापत चाललेले. मध्येच पायाखालून 'धप्प' असा आवाज येतो. पोरे हसतात. मी व्हिडिओ थांबवायला लावला. "काय झालं अप्पा?" म्हणाला.

फौजेत मी सव्वीस वर्षे काढली, त्यातले चार हिवाळे बर्फात. तो आवाज आला की आमचा उस्ताद एक शब्द न बोलता हात वर करायचा आणि सगळ्यांना आल्या पावली मागे फिरवायचा. थंडीत बर्फाच्या आत साखरेसारखे सुटे कण धरतात. वर वाऱ्याने आणून टाकलेला नवा थर बसतो. तिरक्या फळीवर ज्वारी सांडून त्यावर पोत्यांची थप्पी लावावी, तसा हा प्रकार. पाय पडला की खालचे दाणे बसतात आणि थप्पी एकदम सुटते; हेच हिमस्खलन. त्या दाणे बसण्याचाच तो 'धप्प'. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यांत वाईट. आपण आंबेनळी घाटातल्या दरडी बघितलेली माणसे, त्यामुळे संकट वरून येते अशी आपली समजूत. बर्फात फिरायला गेलेले बहुतेकदा आपल्याच नाहीतर सोबत्याच्या वजनाने सुटलेल्या थरात सापडतात.

बर्फात गाडला गेलेला माणूसही वाचतो, असे म्हणत कुणीतरी हमखास सियाचीनचे उदाहरण देतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले, त्यात एक आपल्या माण तालुक्यातला होता. लान्स नायक हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत निघाले हे खरे, पण ११ तारखेला तेही गेले. तसे सहा दिवस लाखात एखाद्याच्या वाट्याला येतात. एरवी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघांतला एक वाचला तरी खूप. एवढ्या वेळात मनालीहून कोण येणार? शेजारी चालणाऱ्यानेच उकरायचे. प्रशिक्षणात आम्हाला पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची फौजी पिशवी, बर्फात पुरून शोधायला लावत. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो. मी पहिल्यांदा हाताने उकरायला गेलो तर नखांतून रक्त आले आणि खड्डा झाला परातीएवढा. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात: गाडलेला कुठे आहे याचा संदेश देणारा, अंगावर बांधायचा बीकन, टोचून बघायची लांब सळई आणि घडीचे फावडे.

पुतण्याला आयोजकांनी दिलेल्या यादीत थर्मल, गॉगल, पॉवर बँक, कोल्ड क्रीम आहे. या तिन्हींतले एकही नाही. मी फोन केला, तर पलीकडचा म्हणाला, "काका, आपण रस्ता करायला नाही चाललो." डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचा इशारा देते, तो रोज कोण बघतो, असे विचारले. "आमचा लोकल गाईड आहे," हे उत्तर. गाईड जाणता असेलही, पण वादळ आल्यावर मागे फिरायचे कुणी ठरवायचे? पैसे परत मिळत नाहीत, परतीचे तिकीट तारखेचे, आणि पोरे आलेली असतात बर्फ पडताना बघायलाच. माझ्या मते घात इथेच होतो. वासोटा किल्ल्यावर धुके आले तर आपण पायथ्याच्या मेटइंदवलीत भाकरी खाऊन परततो, त्यात कुणाची नाचक्की होत नाही.

तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या आयोजकांनी दोन गोष्टी जाहिरातीतच छापाव्यात: ही साधने कितीजणांना मिळणार, आणि इशाऱ्यामुळे ट्रेक रद्द झाला तर किती पैसे परत देणार. पालकांनीही पैसे भरण्याआधी हे विचारावे.

पुतण्याचे यंदाचे तिकीट कन्फर्म झाले आहे. माझे न ऐकता तो जाणार. त्याला मी घडीचे फावडे घेऊन दिले आणि सांगितले, की तू गाडला गेलास तर हे तुझ्याच पाठीवर राहील. बाकी तेरा जणांना विचार, त्यांच्याकडे काय आहे. अजून त्याचे उत्तर आलेले नाही.

— एक निवृत्त सुभेदार, ता. कोरेगाव, जि. सातारा