बोटांना दोष देऊ नका, आधी गिटारच्या तारांची उंची मोजा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर सगळे गात होते आणि साथीला नुसत्या टाळ्या, तेव्हाच ठरवलं की गिटार शिकायची. स्टेजवर वगैरे नाही हो, मित्र गातील तेव्हा मागे तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर, त्यांना जी, सी, एफ अशी नावं) वाजवता आल्या तरी पुरे. वय ४१. दुकानात जाऊन नवशिक्यासाठी द्या म्हटलं, त्यांनी स्टीलच्या तारांची एक दिली आणि मी रोज अर्धा तास बसायला लागलो.

दोन महिने झाले तरी जी वरून सी वर जाताना निम्म्या तारा मुक्याच, आणि एफ तर दाबलीच जाईना. सुरुवातीला बोटं दुखतात, टोकं कडक व्हायला काही आठवडे जातात हे माहीत होतं, म्हणून सहन करत राहिलो, पण शेवटी वाटलं आपल्या वयाला हे जमणार नाही आणि गिटार कपाटावर गेली.

मग ऑफिसमधला एक मुलगा घरी आला, बरीच वर्षं वाजवतो, त्याने बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बारावी) मोजपट्टी लावून दाखवली तर जाड तार फ्रेटपासून ४ मिलिमीटरपेक्षा उंच! ती साधारण अडीचच्या आसपास हवी. सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोच्या घरात असतो, त्याने मान हळूहळू वाकते, त्यात आपल्याकडचा पावसाळा, लाकूड दमट हवेत फुगतं आणि तारा अजून वर जातात. एका कारागिराने मानेतला रॉड थोडा आवळला, ब्रिजवरची, म्हणजे तारा जिथे खाली बांधतात तिथली पांढरी पट्टी खालून घासली, नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या खाचा जरा खोल केल्या आणि बारा नंबरच्या जाड तारा काढून दहा नंबरचा बारीक सेट टाकला. बोटं तीच होती, पण त्या रात्री जी, सी, डी तिन्ही स्वच्छ वाजल्या आणि बायको आतून बाहेर आली बघायला.

मला खरंच वाईट वाटतं की किती जणांनी असंच सोडून दिलं असेल. दुकानदारांना कळकळीची विनंती, नवशिक्याला गिटार देताना सेटअप करूनच द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या हवं तर. आणि क्लासवाल्या सरांनी पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या बोटांआधी त्याची गिटार तपासावी, मोठ्या माणसांना लगेच परीक्षेच्या ग्रेडला बसवण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात एक अख्खं गाणं साथीला वाजवायला शिकवावं. एफ नंतर येईल, तोवर कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून गाणाऱ्याच्या पट्टीत सोप्या कॉर्ड वाजवता येतात, मी सध्या तेच करतोय, दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी चा आकार धरला की ए मिळते आणि आमच्या ग्रुपमधल्या वहिनींना तीच पट्टी बरोबर बसते.

कोजागिरीला अजून सात आठवडे आहेत, पाच गाणी बसलीत.

आपला,
एक वाचक, नाशिक