हौदाचं झाकण फूटभर उचला

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पाऊस लागला की घरात बॅटरी ठेवा, मेणबत्त्या ठेवा अशा याद्या मोबाईलवर फिरू लागतात. सोलापूरच्या घरात पूर आधी हौदात शिरतो, हे त्यात कुठंच नसतं.

आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. म्हणून दारातच जमिनीखाली हौद आणि फरशीलगत त्याचं लोखंडी झाकण. सप्टेंबर २०२५ मध्ये शेळगी नाल्याजवळच्या आमच्या गल्लीत रात्री पाणी चढलं. घरात जेमतेम घोटाभर, पण झाकणाच्या फटीतून नाला हौदात उतरला. सकाळी मी घाईत मोटर लावली आणि वरची टाकीही घाण करून घेतली. ओल्या भिंतीवरच्या बोर्डाला हात लावला होता, हे आठवलं की अजून काटा येतो. आधी मेन स्विच बंद करायचा असतो, एवढंही सुचलं नाही.

शेजारच्या मावशी म्हणायच्या, "आपल्याकडं कुठलं पूर येतंय ओ!" दुष्काळाची सवय, दुसरं काय. पण १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेल्या वादळी पावसानं दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्याचीही दैना केली होती. समुद्र लांब आहे यावर विसंबून चालत नाही.

आता गवंडी लावून हौदाचा काठ फूटभर वर घेतलाय, झाकणाला रबरी पट्टी बसवलीय. जादा पाणी जायचा पाईप गटारात सोडला होता, त्यातूनही घाण उलटी येते असं गवंडीच म्हणाला. तो बंद करून घेतला. मोटर कट्ट्यावर चढवली. प्यायच्या पाण्याचे दोन कॅन माळ्यावर असतात. शेजारी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. गॅस पेटवायला नको, आणि भाकरी महिनाभर टिकते. रेशनकार्ड, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आणखी एक. चिखल धुण्याआधी घराचे फोटो काढा. आम्ही दुसऱ्याच दिवशी सगळं लख्ख केलं आणि पंचनाम्याला आलेल्यांनी विचारलं, "नुकसान कुठाय?"

महापालिकेनं नळजोड देताना हौदाच्या काठाची उंचीही पाहावी, एवढी विनंती. मावशींनी परवाच आमच्या गवंड्याचा नंबर मागून घेतला.

– एक गृहिणी, शेळगी, सोलापूर