भाड्याचा कीबोर्ड ठरवताना वादकाला विचारा

महोदय,
नाताळ आला की चर्चच्या मंडळ्यांची भाड्याच्या कीबोर्डासाठी धावाधाव सुरू होते. ठरवतात पंच, वाजवतो मी. ‘८८ पट्ट्यांचा मोठा आणलाय, खूश?’ असं कौतुकानं सांगतात. तो दहा-बारा किलोचा पियानो, स्टँड वेगळा, आणि गव्हाणीशेजारी जागा हातभर!

आमच्या उपासनेत अर्धी गीतं पाश्चात्त्य चालीची, अर्धी भजनं. त्यासाठी ६१ पट्ट्या पुरतात. पण ऑर्गनचा आणि हार्मोनियमचा आवाज बरा हवा, सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण हवंच. तबला काळी एकच्या सुराला लावलेला असतो आणि बायकांना ते उंच जातं. ऐनवेळी तबला कोण उतरवणार? मग दुसरा तबला काढायचा आणि मी बटण दाबायचं.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे पायानं दाबून सूर लांबवायचं पेडल. गेल्या वर्षी दुकानदारानं एका कंपनीचा कीबोर्ड आणि दुसऱ्याच कंपनीचं पेडल दिलं. पाय उचलला की सूर लांबायचे, दाबला की तुटायचे. काही कंपन्यांच्या पेडलचा स्विच उलटा असतो. पेडल न दाबता कीबोर्ड बंद करून चालू केला की बहुतेक वेळा जमतं, हे मला प्रार्थना सुरू असताना सुचलं.

तेव्हा पंचमंडळींनो, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी नको, दोन दिवस आधी वादकाला दुकानात न्या. अ‍ॅडॅप्टर, पेडल, स्पीकरची वायर तिथंच जोडून बघू द्या. भाडं थोडं जास्त पडलं तर सजावटीतल्या दोन झालरी कमी करा.

– एक वादक, सोलापूर